मॉड्यूलबद्ध जावा आज्ञावलीचे संपुटन : अलिखित अवलंबनांचा प्रश्न

जावाच्या नवव्या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०१७ मध्ये, मॉड्यूल-व्यवस्था प्रविष्ट झाली. आपणांस कोणती अन्य मॉड्यूले लागतात हे प्रत्येक मॉड्यूलने 'रिक्वायर्स' या शब्दाने आपल्या वर्णनपत्रात नोंदवावे आणि त्या नोंदींवरून साधनांनी संपूर्ण साखळी निश्चित करावी, हे तिचे मूलतत्त्व होय. या क्रियेस येथे अवलंबन-निर्धारण म्हटले आहे. जेलिंक हे साधन अशा रीतीने निश्चित झालेली मॉड्यूलेच एकत्र करून आज्ञावलीपुरती लहान जावा-प्रतिमा बांधते. जेपॅकेज हे साधन २०२१ मध्ये सोळाव्या आवृत्तीत पूर्णत्वास पोचले. ते त्या प्रतिमेसह वापरणाऱ्याच्या यंत्रावर बसविण्याजोगे संपुट तयार करते.

या मार्गात उद्भवणारे दोष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे दोष बांधणीच्या वेळीच प्रकट होतात. वर्णनपत्र नसलेली जुनी लायब्ररी मॉड्यूल-पाथवर ठेवल्यास जावा तिला 'स्वयंचलित मॉड्यूल' मानून चालविते. जेलिंक मात्र ती स्वीकारीत नाही. ज्याच्या गरजा लिहिलेल्याच नाहीत, त्याची साखळी पूर्ण झाली असे कोण म्हणणार? अशा वेळी जेडेप्स या साधनाकडून वर्णनपत्राचा मसुदा करवून घ्यावा. अथवा ती लायब्ररी क्लासपाथवर ठेवून तिला लागणारी जावाची मॉड्यूले तेवढी प्रतिमेत घालावीत.

दुसऱ्या प्रकारचे दोष अधिक घातक, कारण बांधणी निर्विघ्न पार पडते. जावात एक मॉड्यूल सेवा मागते व दुसरे ती पुरविते. पुरविणाऱ्याचे नाव मागणाऱ्याच्या 'रिक्वायर्स'मध्ये नसते. म्हणून जेलिंक स्वतःहून त्यास प्रतिमेत घेत नाही. मराठी भाषेची तारीख-रूपे 'जेडीके.लोकेलडेटा' या मॉड्यूलात आहेत. ते राहून गेल्यास कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. केवळ महिन्यांची मराठी नावे उमटेनाशी होतात. एकविसाव्या आवृत्तीपर्यंत 'जेडीके.क्रिप्टो.ईसी' वगळले गेल्यास काही सर्व्हरांशी सुरक्षित जोडणी होत नसे. बाविसाव्या आवृत्तीत तो भाग मूळ मॉड्यूलात गेला.

यावर 'बाइंड-सर्व्हिसेस' हा पर्याय सुचविला जातो. तो सेवा पुरविणारी सर्व मॉड्यूले आणतो खरा, परंतु त्यांच्यासह त्यांची अवलंबनेही येतात व प्रतिमा फुगते. त्यापेक्षा 'सजेस्ट-प्रोव्हायडर्स'ने यादी पाहावी, आवश्यक तेवढीच नावे 'ॲड-मॉड्यूल्स'ने द्यावीत आणि भाषांपुरते 'इन्क्लूड-लोकेल्स'ने मर्यादित करावे, हे श्रेयस्कर. जेपॅकेज वापरताना सेवा जोडण्याचा पर्याय 'जेलिंक-ऑप्शन्स'मधून द्यावा लागतो. मात्र तो दिल्याने मूळचे पर्याय गळतात, ते पुन्हा लिहावेत.

शेवटी प्रत्यक्ष पडताळा. प्रतिमेतील 'रिलीज' या फाइलीत समाविष्ट मॉड्यूलांची यादी असते. ती अपेक्षित यादीशी ताडून पाहावी. त्यानंतर आज्ञावली विकासकाच्या यंत्रावरील पूर्ण जावावर न चालविता त्या लहान प्रतिमेवरच चालवून प्रत्येक भाषा व प्रत्येक जोडणी तपासावी. बांधणी यशस्वी झाली याचा अर्थ लिहिलेल्या गरजा भागल्या, एवढाच. न लिहिलेल्या गरजांची जबाबदारी संपुटन करणाऱ्यावरच राहते.