केशवरावांच्या गळ्याचं घर

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. दगडी भिंती राहिल्या. छप्पर, रंगमंच, खुर्च्या गेल्या. संपादकांनी या वास्तूवर लिहायला सांगितलं, तेव्हा तिचा इतिहास चार ओळींत मावला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमची प्रेक्षागारं पाहून आलेल्या शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागून, १९१५ साली, पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचं नाव मिळालं.

मी अडकलो ते केशवरावांच्या आवाजापाशी.

१८९० साली कोल्हापुरात जन्मलेला हा पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत वाढला आणि देवलांच्या नाटकात शारदा झाला. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली ती मुलगी, आणि तिचा गळा या मुलाचा. यावरून मला आजचं एक उदाहरण आठवतं. ‘लव्ह लाइव्ह!’ या जपानी चित्रमालिकेत शाळा बंद पडू नये म्हणून मुली गाण्याचा संच काढतात. त्या चित्रातल्या मुलींना आवाज देणाऱ्या अभिनेत्री पुढे त्यांचाच पोशाख घालून खऱ्या रंगमंचावर गातात. २०१६ साली पहिल्या संचाने टोकियो डोममध्ये निरोप घेतला. प्रेक्षक आपल्या लाडक्या पात्राच्या रंगाच्या प्रकाशकांड्या हलवत असतात. पात्र आणि गळा एकाच देहात, डोळ्यांसमोर पाहायची ही ओढ मला शारदेच्या प्रेक्षकाचीच वाटते. फरक एवढाच, की डोममध्ये आवाज ध्वनिवर्धक पोचवतात. १९१५ साली ते काम इमारतीचं होतं.

ते सोपं नव्हे. भिंतींवर, छपरावर आपटून परतणारा आवाज मूळ स्वराच्या पाठोपाठ कानी पडला, तर शब्द भरीव होतो. रेंगाळला, तर ताना एकमेकींत मिसळून गढूळ होतात. लाकूड थोडा आवाज शोषतं, थोडा परतवतं. पोकळीवर टाकलेल्या फळ्या नटाच्या पावलासरशी घुमतात. इथे रंगमंचाखाली आवाज खेळावा म्हणून पाण्याची सोय होती, असं कोल्हापूरकर सांगतात. मला या कारागिरीचं अपार कौतुक आहे.

केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत त्यांच्या आणि बालगंधर्वांच्या मंडळींचं संयुक्त ‘मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले.

आगीनंतर शासनाने निधी जाहीर केला, आणि रंगकर्मींनी नाट्यगृह जसंच्या तसं हवं असा आग्रह धरला. मीही त्यांच्याच बाजूचा आहे. पण जसंच्या तसं म्हणजे काय? दर्शनी भाग छायाचित्रांवरून उभा राहील, नाद छायाचित्रात येत नाही. आगीपासून बचाव हवाच. म्हणून उघड्या लाकडाला मर्यादा येणार, त्यावर लेप चढणार. लाकडाच्या जागी गिलावा आला की आवाज जास्त वेळ रेंगाळतो. वातानुकूलनाची घरघर हळुवार स्वर खाते. वरून भारी ध्वनियंत्रणा बसली की हे दोष झाकले जातात, आणि ठेकेदाराला ते कोणी विचारत नाही. जुन्या सभागृहाच्या नादाची मोजणी हाती असेल तर ती निविदेत घालावी. नसेल, तर इथे आयुष्यभर गायलेल्या नटांचा कान हीच मोजपट्टी धरावी. काम ताब्यात घेण्याआधी त्यांच्यातल्या एकाला माइकविना गायला लावावं, परीक्षकांनी शेवटच्या रांगेत बसावं, आणि सभागृह तेव्हा भरलेलं असावं. माणसांच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात.