गाण्यात न आलेला घाट

कर्जतला गाडी थांबते आणि थोड्या वेळाने मागून एक दणका बसतो. ‘बँकर लागले,’ डब्यातलं कुणीतरी हमखास म्हणतं. घाट चढताना मागून रेटा देणारी ही जादा इंजिनं. एका हातात चहा, दुसऱ्यात बटाटेवड्याचा कागद, अशा बेतात तो दणका सोसायचा आणि बोगद्यांची वाट पाहायची. घाटकोपर-मुलुंडकडच्या माणसाने पुण्याला जाता-येता हे शंभरदा अनुभवलेलं असतं. पण या चढणीवर रचलेलं गाणं आठवा म्हटलं, तर निदान माझी तरी पंचाईत होते.

आठवतं ते पार नेपल्सचं. व्हेसूव्हियस या जागत्या ज्वालामुखीच्या माथ्याजवळ नेणारी दोरावरची रेल्वे 1880च्या जूनमध्ये सुरू झाली. दोन डबे, वाफेच्या यंत्राने ओढलेला दोर; एक डबा वर निघाला की दुसरा खाली. रहाटाच्या दोन टोकांना दोन घागरी बांधाव्यात, तसं. त्याच वर्षी पेप्पिनो तुर्को या पत्रकाराने शब्द लिहिले, लुइजी डेन्झाने चाल बांधली आणि ‘फुनिकुली फुनिकुला’ पिएदिग्रोत्ताच्या जत्रेत गाजलं. प्रियकर प्रेयसीला डोंगरावर चल म्हणतो, आणि माथ्यापर्यंत पोचता पोचता लग्नाची मागणीही घालून मोकळा होतो. रिकॉर्दीने छापलेल्या गाण्याच्या प्रती वर्षभरात दहा लाखांच्या घरात खपल्या.

पुढची गंमत अशी की, रिचर्ड श्ट्राउसने 1886मध्ये आपल्या ‘आउस इटालिएन’ या रचनेत ही चाल घेतली. त्याला ती लोकगीताची वाटली होती. डेन्झा कोर्टात गेला आणि जिंकला. आजही या गाण्याला बिनदिक्कत ‘पारंपरिक’ म्हटलं जातं. वास्तविक त्याला आईबाप होते, जन्मगाव होतं, जन्मसालही होतं.

आपल्याला हसायला जागा नाही. ‘झुक झुक अगीनगाडी’ हे ‘तू सुखी रहा’ या चित्रपटातलं गाणं. शब्द गदिमांचे, संगीत वसंत पवारांचं, आवाज आशाबाईंचा. बालवाडीत मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं बडबडगीत म्हणूनच शिकवलं जातं. अर्थात गदिमांना यापरती दाद ती कोणती! पण त्या गाडीला ओढ मामाच्या गावाची. घाट तिथेही नाही.

खरं तर आपल्या रेल्वेचं पहिलं स्वप्नच घाटाचं होतं, आणि ते पडलं भांडुपला. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क 1843मध्ये भांडुपला गेले असताना मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटांपर्यंत लोखंडी रस्ता न्यावा, असं त्यांच्या मनात आलं. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853ला, गाडी ठाण्यापर्यंत पोचली. बोरघाट चढायला 1863 उजाडलं. 25 बोगदे, आणि चढ इतका की 37 फूट पुढे जाताना एक फूट वर. मधल्या एका स्टेशनात तर इंजिन पुढचं काढून मागे लावायचं आणि गाडी उलट दिशेने पुन्हा चढू लागायची. कामाच्या भरात एका वेळी 42,000वर मजूर डोंगर फोडत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिसने कंत्राट सोडलं नाही, दोन इंजिनिअर हाताशी धरून ते तडीला नेलं. साथीच्या रोगांनी किती मजूर नेले, त्यांची नावं मात्र कुठे कोरलेली नाहीत.

मला वाटतं, गाणं न होण्याचं कारण इथेच आहे. व्हेसूव्हियसवर लोक डोंगर बघायला जात. बोरघाट होता आडवा आलेला डोंगर, कापसाच्या गाठी आणि बंदर यांच्या मधला. निखळ हौसेची गाडी आपल्याकडे एकच, माथेरानची. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये घालून 1907मध्ये ती सुरू केली. दोन फुटी रूळ, नेरळपासून सुमारे 21 किलोमीटर, आणि वळणं अशी की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसावं. 26 जुलै 2005च्या पावसाने तिचा मार्ग उखडला. ती 2007मध्ये पुन्हा धावली. व्हेसूव्हियसच्या गाडीचं नशीब एवढं बळकट नव्हतं. 1944च्या उद्रेकात ती गेली, आणि मागे उरलं ते गाणंच.

बोरघाटात मागे उरला तो शिंग्रोबा. घाटातून वाट कशी काढायची ते याच धनगराने साहेबाला दाखवलं, अशी आख्यायिका आहे. बक्षीस काय हवं विचारल्यावर ‘आमचा मुलूख आम्हाला द्या’ म्हणाला, म्हणून त्याला गोळी घातली. कागदोपत्री पुरावा मागू नये, लोकांनी तो कधी मागितला नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं लहानसं देऊळ आहे. चढणीला लागलेला ट्रक तिथे जरा मंदावतो, क्लीनर खिडकीतून हात काढतो आणि एक नाणं देवळाच्या दिशेने भिरकावतो.