कोरडे डोळे : घरचं काय, दवाखान्यातलं काय?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, संध्याकाळी जळजळ होते आणि मधूनच घळाघळा पाणी येतं, अशी तक्रार चाळिशीनंतर पुष्कळजणी करतात. त्यावर डॉक्टर म्हणतात, "डोळे कोरडे पडलेत." एवढं पाणी येत असताना कोरडे कसे, असं वाटणारच! पण अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्या पाण्यावर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. त्या तुंबल्या की पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो आणि मग एकदम धार लागते.

अशा वेळी हात आधी घरच्या उपायांकडे जातो. "औषधांची सवय नको, नैसर्गिक तेच बरं," ही भावना काही वाईट नाही. फक्त मनाशी एक रेघ ओढून घ्यावी : डोळ्याच्या बाहेर घरचे उपाय, डोळ्याच्या आत मात्र निर्जंतुक औषधच.

बाहेरचा उत्तम उपाय म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावा आणि मिटलेल्या पापण्यांवर दहा मिनिटं ठेवावा. गार झाला की पुन्हा भिजवावा. घट्ट झालेलं तेल त्याने सुटतं. मग पापण्यांच्या कडा बोटाने हलकेच चोळाव्यात. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. शिवणकाम करताना, मोबाईल पाहताना पापण्या मुद्दाम मिटाव्यात. नजर एके ठिकाणी लागली की आपण ते विसरतोच.

गुलाबपाणी, मध, एरंडेल किंवा कांद्याचा रस डोळ्यांत मुळीच घालू नये. नैसर्गिक म्हणजे जंतुविरहित नव्हे! बुबुळाला जखम होऊन ती चिघळली, तर दृष्टीवर बेतते. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही फार कौतुक होतं. पण 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, 535 रुग्णांना वर्षभर गोळ्या देऊन पाहिल्यावर, ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा त्यांचा जास्त उपयोग दिसला नाही.

डॉक्टर बहुधा 'कृत्रिम अश्रूं'चे थेंब देतात. ते वारंवार घालावे लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागावेत. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र आपल्या मनाने वापरू नयेत. त्यांनी काचबिंदू होऊ शकतो.

डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागलं किंवा उजेड सोसेना, तर शेकत बसू नये. तोंडही सतत कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं. आणि हो, घरी काय काय घालून पाहिलं, तेही न लाजता सांगावं. ते कळलं, तरच नेमकं औषध देता येतं.