धुळीत रेघोट्या ओढणारा मुलगा

तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा एक मुलगा. लहानपणीच आई गेली आणि त्यानं बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं की धुळीत चित्र काढायचा. पुढं डहाणूतल्या गंजाडच्या पाड्यावर राहून ह्याच मुलानं वारली चित्रं जगभर पोचवली. ते म्हणजे २०११ चे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे!

आईसाठी झुरणं हा काही आजार नव्हे, आणि म्हसेंना आज दुरून कुठलं नाव चिकटवूही नये. पण प्रश्न उरतोच. जे मूल तोंडच उघडत नाही, त्याच्या मनाचं दुखणं ओळखायचं कसं?

विश्वास बसणार नाही, पण साधारण १९७० पर्यंत मोठमोठे तज्ज्ञ मानायचे, की लहान मुलांना नैराश्य होऊच शकत नाही! कारण ते दिसतंच वेगळं. मूल रडत बसत नाही. वसवस करतं, पोट दुखतं म्हणतं, आश्रमशाळेत जायला नको म्हणतं. म्हणून आता मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिडही धरतात.

नैराश्य दाखवणारी रक्ततपासणी अजून निघालेली नाही. रक्त तपासतात ते थायरॉईडसारखं दुसरं कारण नाही ना, हे बघायला. मग डॉक्टरांच्या हातात काय? चक्क दिनदर्शिका! नऊ लक्षणांपैकी किमान पाच, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे. त्यात उदासी नाहीतर कशातच गोडी न वाटणं हवंच. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, मरणाचे विचार हे सगळं विचारतात. समजा, वारल्यांचं तारपा हे वाद्य वाजायला लागलं, सगळा पाडा नाचायला उठला, आणि एरवी सर्वांत पुढं असणारी पोर भिंतीला टेकून बसली. एक दिवस बसली तर काही नाही. पंधरा दिवस तसंच चाललं, तर विचारायलाच हवं.

मोठ्यांच्या बाबतीत तर एका प्रश्नानं निदानच पालटतं: ‘कधी सलग काही दिवस तीनच तास झोपूनही अंगात नुसता उत्साह, डोक्यात बेतांची गर्दी, हात सैल सोडून खर्च, असं झालं होतं?’ उत्तर ‘हो’ आलं, तर हा द्विध्रुवी आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी माणसाला उलट उन्मादात ढकलू शकते. रुग्ण येतो तो खचल्यावरच, आणि ते भरारीचे दिवस त्याला आजार वाटतच नाहीत. ते आठवतात बायकोला, भावाला. म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरचं माणूस सोबत न्याच.

जवळ डॉक्टर नसेल, तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करा. मराठीत बोलता येतं, आणि पैसे पडत नाहीत.