जबड्यातून कानात

माणसाच्या कवटीत २२ हाडं असतात; मेंदूभोवती ८, चेहऱ्याची १४. आकडा लहान नाही, पण कित्येक माशांच्या डोक्यात शंभराहून जास्त हाडं भरतात. माशांपासून आपल्यापर्यंतच्या सुमारे ४० कोटी वर्षांत कवटीत नव्या हाडांची भर फारशी पडली नाही. होती तीच एकमेकांत सांधली गेली किंवा गळली. ही दिशा अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ सॅम्युएल विलिस्टन यांनी १९१४ मध्ये मांडली.

मला सगळ्यात थक्क करतो तो खालचा जबडा. सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याच्या प्रत्येक बाजूला साधारण सात हाडं असतात, सस्तन प्राण्यांत एकच. मग बाकीची गेली कुठे? काही नाहीशी झाली, काही कानात गेली. सरड्याचा जबडा ज्या दोन हाडांच्या सांध्यावर उघडतो, तीच आपल्या मध्यकर्णातली हातोडी आणि ऐरण. तिथलं तिसरं हाड रिकीब; ती तर त्याहून जुनी. माशांत ती जबड्याला टेकू देणारं दणकट हाड होती. आपल्यात ती जेमतेम ३ मिलिमीटरची, वजन सुमारे ३ मिलिग्रॅम. एक ग्रॅम भरायला अशा तीनशेहून अधिक रिकिबी लागतील. आणि जबड्यात मागे राहिलेलं हाड? नील देवमाशात ते ६ मीटरांहून लांब होतं, आपल्या रिकिबीच्या दोन हजार पट.

जबडा आणि कान यांच्या हाडांमधलं हे नातं जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल राइखर्ट यांनी १८३७ मध्ये डुकरांच्या भ्रूणांत पाहिलं. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा २२ वर्षं बाकी होती! उत्क्रांतीचा आधार नसताना केवळ भ्रूण न्याहाळून इतकं नेमकं ओळखणं ही फार मोठी नजर.

जबड्याचा सांधा बदलत असताना प्राणी खात कसे होते, हा प्रश्न उरतोच. वेल्समध्ये सापडलेला सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा मॉर्गनुकोडॉन त्याचं उत्तर देतो. अवघ्या तीनेक सेंटिमीटरच्या त्याच्या कवटीत जुना आणि नवा, दोन्ही सांधे शेजारी शेजारी होते. भार नव्याने उचलला, जुना हलका होत गेला.

या हलकेपणाचा फायदा प्रचंड आहे. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला, तर त्याच्या ऊर्जेचे हजारातले ९९९ भाग परत फिरतात. आपल्या कर्णपटलाचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट. त्यात हाडांच्या तरफेची जोड मिळून दाब वीसेक पट वाढतो, आणि आंतरकर्णातल्या द्रवापर्यंत कुजबुजही पोचते.

जबड्यातून कानात जाण्याचा हा प्रवास आजही दिसतो. ऑपॉसम या शिशुधानी प्राण्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याची हातोडी अजून जबड्यालाच जोडलेली असते. ते दूध पीत वाढतं, आणि नवा सांधा जन्मानंतर तयार होतो. मग कानाची हाडं जबड्यापासून सुटी होतात.