हात, साबण आणि नळ



एसटीतला दांडा, दुकानदाराने परत दिलेली नोट, कचेरीच्या दाराची मूठ. अशा वस्तूंना हात लावताना अलीकडे पुष्कळांच्या मनात शंका येते. २०२० सालच्या करोनाच्या साथीत कित्येक घरांत भाजी साबणाच्या पाण्यात बुडवली गेली आणि वर्तमानपत्रही दाराबाहेर राहिले. तेव्हा वस्तूंवरच्या रोगजंतूंना भ्यावे किती आणि त्यांच्यापासून जपावे कसे, याचा आज थोडा विचार करू. आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांत वावरताना जे वाचले आणि पाहिले तेवढेच आमचे भांडवल.

पहिली गोष्ट अशी की, वस्तूवर जंतू आहे एवढ्याने माणूस आजारी पडत नाही. धडधाकट कातडी हा भक्कम तट आहे. जंतूला आत शिरण्यास तोंड, नाक, डोळे किंवा जखम लागते, आणि तेथवर त्याला पोचवणारे वाहन म्हणजे बहुधा आपलाच हात. २०२० च्या प्रयोगांत करोनाचा विषाणू प्लास्टिक व पोलादावर दोन-तीन दिवस तगला. तांब्यावर मात्र चार तासांनंतर जिवंत सापडला नाही. पुढे असेही दिसून आले की, तो रोग मुख्यतः हवेतून पसरतो. वस्तूंमार्फत पसरण्याचा धोका थोडाच असतो.

म्हणून निष्काळजी राहावे असे मात्र नव्हे. जुलाब-उलट्यांचे कित्येक जंतू हातांवाटेच पोटात जातात. त्यांतला नोरोव्हायरस वस्तूंवर अनेक दिवस टिकतो आणि हाताला चोळण्याच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. त्याला साबण आणि पाणीच हवे. साबण हातावरचा तेलकट मळ सोडवतो आणि त्यासोबत जंतू वाहून जातात. ज्या विषाणूंना चरबीचे आवरण असते, त्यांचे आवरणही तो फोडतो. मात्र वीसएक सेकंद बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे नीट चोळली पाहिजेत. नंतर हात कोरडे करावेत. ओल्या हातांवरून जंतू अधिक सहज पसरतात.

घरात दाराच्या मुठीपेक्षा ओट्यावरच्या ओल्या फडक्याचा संशय अधिक धरावा. ओल आणि अन्नाचे कण मिळाले की जंतू झपाट्याने वाढतात. ते फडके रोज धुऊन उन्हात वाळवावे. कच्चे मांस-मासे कापलेल्या सुरीने, ती धुतल्याखेरीज, कोशिंबीर चिरू नये. ब्लीचिंग पावडर वापरावी, पण संडास धुण्याच्या अ‍ॅसिडात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हात धुण्याचे मोल १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराने दाखवून दिले. तेथे शवविच्छेदन करून आलेले हातच बाळंतिणींना लागत. त्या एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा नियम मेमध्ये लागू झाला, आणि जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले. त्याने नुसता उपदेश केला नाही. हात धुण्याचे पाणी ठेवले आणि नियम लावला.

हा धडा आम्हांला उशिराच कळला. एका कारखान्यात आम्हीच फलकावर ‘जेवणापूर्वी हात धुवा’ असे लिहून मोकळे झालो होतो. जेवणाची सुट्टी अर्धा तास, नळ आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला आणि साबण नाहीच. माणसे चिंधीला ग्रीस पुसत आणि डबा उघडत. पुढे मागण्यांच्या कागदात आम्ही नळ आणि साबण घातला, तेव्हा मालकांच्या आधी आमचेच सोबती हसले. “भाऊ, पगारवाढीच्या कागदात साबण कशाला?” आम्ही म्हटले, “जुलाबाने पडलेला खाडा पगारातूनच जातो ना?” हसणे थांबले. वास्तविक १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२व्या कलमानेच धुण्याची पुरेशी, स्वच्छ आणि हाताशी असणारी सोय करणे मालकावर बंधनकारक केले होते. आम्ही नवे काही मागत नव्हतो. नळ जेवणघराच्या दाराशी आला आणि हात धुवा असे कुणाला सांगावे लागेना.

म्हणून आमचे मागणे एवढेच. घरी गेल्यावर आपले हात धुवाच. पण उद्या मुलांच्या शाळेत, आपल्या कचेरीत, बाजारात जाल तेव्हा नळाला पाणी आहे का, साबण आहे का, हेही पाहा. नसेल तर विचारा. स्वच्छतेची सवय माणसाने लावून घ्यायची असते हे खरे, पण तिला लागणारे पाणी सर्वांनी मिळून आणावे लागते.