नोंदणीची मर्यादा आणि लघुउद्योजक

मुंबई प्रांतात सर्वसाधारण विक्रीकर १९४६ साली आला. अगदी लहान विक्रेत्यास करातून वगळण्याचे तत्त्व तेव्हापासून चालत आले असून १ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या वस्तू व सेवा करातही ते कायम आहे. अल्प कर गोळा करण्यासाठी मोठा खर्च करणे सरकारला परवडत नाही, हे त्यामागील साधे कारण होय. १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्यास ही मर्यादा २० लाखांची आहे.

या मर्यादेच्या आत राहणे नेहमीच हिताचे, असा समज बाजारात रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. नोंदणी नसलेला उद्योजक विक्रीवर कर लावीत नाही हे खरे. परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही त्यास मिळत नाही. तो कर त्याच्या खर्चात मुरतो.

नाशिकमधील एक फर्निचर-कारखानदार कल्पिला, तर हे स्पष्ट होईल. त्याचा सारा माल घरगुती ग्राहकांस जातो. वार्षिक विक्री ३९ लाख. प्लायवुड इत्यादींची खरेदी २० लाख, व तीवर १८ टक्क्यांनी ३.६० लाख कर. मजुरी व भाडे देण्यापूर्वी त्याच्याजवळ १५.४० लाख उरतात. त्याने नोंदणी केली व ग्राहकाकडून तेच ३९ लाख घेतले, तर त्यांतील सुमारे ५.९५ लाख कर ठरतो. खरेदीवरील कर वजा जाता २.३५ लाख सरकारजमा होतात, आणि शिल्लक १३.०५ लाखांवर येते. पूर्वीइतकी शिल्लक पडण्यास विक्री सुमारे ४६ लाखांपर्यंत न्यावी लागेल. म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर काही काळ अधिक श्रम करून कमी मिळविण्याचा पट्टा लागतो. उद्योग वाढविण्यास अनेक जण का कचरतात, याचे उत्तर येथे आहे.

आता हेच आकडे पिंपरी-चिंचवडमधील एका लेथ-कारखान्यास लावून पाहावे. तो स्वतः पोलाद विकत घेऊन सुटे भाग बनवितो आणि नोंदणीकृत मोठ्या कारखान्यास विकतो. या गिऱ्हाइकास कराचे भय नाही, कारण त्याला वजावट मिळते. नोंदणी केल्यास लेथवाला ३५.४० लाख अधिक कर अशी किंमत लावूनही तेच १५.४० लाख राखील. नोंदणीवाचून त्याचा माल गिऱ्हाइकास ३.६० लाखांनी महाग पडतो. त्याने मर्यादेच्या आत राहणे म्हणजे स्वतःहून दर वाढविणे होय. अशा उद्योजकाने उलाढाल कमी असतानाही ऐच्छिक नोंदणी घेणे इष्ट.

फर्निचरवाल्यास मात्र मधला मार्ग उपलब्ध आहे. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीस लागू असलेल्या आपसमेळ योजनेत, म्हणजे बाजारातील भाषेत ‘कॉम्पोझिशन’मध्ये, उत्पादकाने उलाढालीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरावयाचा असतो. वजावट नाही, ग्राहकाकडून कर घेण्याची मुभाही नाही. वरील उदाहरणात हा कर ३९ हजार रुपये होतो, आणि तोट्याचा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. मर्यादेच्या धाकाने ऑर्डरी परत करणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी मांडावा.

मर्यादा मोजतानाही चुका होतात. उलाढाल दुकानागणिक नव्हे, तर एका पॅन क्रमांकावरील देशभरची धरतात, आणि तीत करमुक्त विक्रीही येते. सुटे धान्य ३० लाखांचे व साबण-बिस्किटे ११ लाखांची विकणारा किराणा दुकानदार म्हणूनच मर्यादेबाहेर जातो. मोबदला घेऊन दुरुस्तीही करणारा फर्निचरवाला ‘केवळ वस्तू विकणारा’ राहत नाही. त्यास २० लाखांचीच मर्यादा लागते. काही ठरावीक हस्तकला-वस्तू सोडल्यास परराज्यात करपात्र माल विकणाऱ्यास मर्यादेचा आधारच नाही. कोल्हापूरहून निपाणीला माल विकला की नोंदणी आलीच. धंदा फुगू लागला की पत्नीच्या नावे दुसरी पाटी लावण्याचा उपायही सर्वपरिचित आहे. पॅन निराळा असला तरी माल, कामगार व गल्ला एकच असेल, तर अधिकारी दोन्ही उलाढाली एकत्र धरू पाहतात, आणि मागील काळाचा कर, व्याज व दंड यांची मागणी एकदम पुढे येते.